कायदा बाजूला ठेवायला सांगण्याआधी तो पूर्ण वाचून दाखवा

प्रश्न : मी पाचपाखाडीत राहते, वय ६७. माझ्या लेकीचं लग्न २०१६ मध्ये ठाण्यात झालं. जावई कळव्याचे. पुढच्याच वर्षी तिला फ्रान्समध्ये, ल्यों शहरात नोकरी लागली. जावई तिकडे कधी गेले नाहीत, त्यांनी पासपोर्टही काढला नाही. दोघांचं फाटलं आणि घटस्फोटाचा दावा ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात तारखांवर तारखा घेत पडून आहे. २०१९ च्या दिवाळीनंतर लेक इकडे आलेली नाही. तिकडे एका फ्रेंच सहकाऱ्याशी तिचं जुळलं आणि मे २०२२ मध्ये नात झाली. तो बाळंतपणाला दवाखान्यात होता, पुढे त्याने हात झटकले. जन्मदाखल्यावर फक्त आईचं नाव आहे. लेकीने तिथे पितृत्वाचा दावा लावलाय. त्याचा वकील म्हणतो, आई भारतीय म्हणून भारताचा कायदा लागेल आणि त्या कायद्याने मुलीचा बाप म्हणजे कळव्याचा नवरा. लेकीची वकील म्हणते, मग भारताचा कायदाच बाजूला ठेवायला सांगू. परक्या कोर्टाने आपला कायदा फेकून द्यावा, हे ऐकून मला कसंतरी झालं. असं खरंच होतं का? माझे दीर म्हणतात, तात्पुरतं जावयाचं नाव लावा आणि पासपोर्ट काढा. भाचा म्हणतो, नातीचे केस मागवून इथल्या लॅबमध्ये डीएनए करून घेऊ. शिवाय, लेकीने तिकडचं नागरिकत्व घेतलं की भानगड मिटेल, असंही त्याचं म्हणणं. सोसायटीत अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. जावयांशी बोलू का?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. ठाण्यात कौटुंबिक खटले चालवताना परदेशातल्या निकालांचे कागद माझ्याकडे येत असतात, पण तुमच्या पत्रातला पेच वेगळा आहे. इथे परदेशी कायदा म्हणजे आपलाच कायदा. ज्या माणसाचा भारताशी काडीचा संबंध नाही, तो आपल्या कायद्याआड लपायला बघतोय. लेकीच्या वकिलांचं म्हणणं चूक नाही. तरीही मी सांगेन की त्यांनी सुरुवात तिथून करू नये. का, ते सविस्तर सांगते.

आधी हे बघू, की ल्योंच्या न्यायाधीशापुढे भारताचा कायदा आलाच कसा. फ्रेंच नागरी संहितेचं कलम ३११-१४ सांगतं की मुलाचे आई-बाप कोण हा प्रश्न मुलाच्या जन्माच्या दिवशी आईचा जो राष्ट्रीय कायदा असेल त्याने सोडवायचा. नात जन्मली तेव्हा लेक भारतीय नागरिक होती, म्हणून भारताचा कायदा. त्यामुळे भाच्याची नागरिकत्वाची युक्ती कामाची नाही. लेक उद्या फ्रेंच झाली तरी मे २०२२ मधली तारीख बदलत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. परक्या देशाचा कायदा न्यायालय बाजूला ठेवू शकतं का? हो, ठेवतं, आणि फ्रान्समध्ये हे पितृत्वाच्याच खटल्यांत अनेकदा झालंय. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे कूर द कासासियाँने, १९९३ साली ट्युनिशियाच्या कायद्यासंबंधीच्या खटल्यात एक सूत्र मांडलं. परका कायदा वेगळा आहे एवढ्यावरून तो नाकारायचा नाही. मात्र मूल फ्रेंच असेल किंवा त्याचं नेहमीचं राहणं फ्रान्समध्ये असेल, आणि तो कायदा त्याला बाप सिद्ध करण्याचा हक्कच देत नसेल, तर तो फ्रान्सच्या लोकनीतीविरुद्ध, म्हणजे तिथल्या मूलभूत न्यायतत्त्वांविरुद्ध, समजायचा आणि त्याच्या जागी फ्रेंच कायदा लावायचा. २०११ मध्ये आयव्हरी कोस्टचा कायदा असा बाजूला ठेवला गेला. २०१७ मध्ये कॅमेरूनचा. कॅमेरूनच्या कायद्यात तरतूद अशी होती की गर्भ राहिला त्या काळात आईचं वर्तन उघडउघड वाईट होतं, किंवा तिचा दुसऱ्या कुणाशी संबंध होता, असं दिसलं तर पितृत्वाचा दावाच दाखल करून घ्यायचा नाही. आईच्या चारित्र्यावर बोट ठेवायचं आणि शिक्षा मुलाला द्यायची, असा तो प्रकार. न्यायालयाने तो मानला नाही.

यात कॅमेरूनचा अपमान झाला, असं तुम्हाला वाटेल. पण ही तरतूद कॅमेरूनकडे आली ती फ्रेंच राजवटीतल्या संहितेतून. खुद्द फ्रान्समध्ये १८०४ च्या संहितेने बापाचा शोध घ्यायलाच मनाई केली होती. ती मनाई १९१२ मध्ये उठली, तीही मोजक्या कारणांपुरती, आणि आईच्या वर्तनाची आडकाठी तर १९९३ पर्यंत टिकून होती. म्हणजे जे बाजूला ठेवलं ते त्यांचंच जुनं. तेव्हा तिथे आपला कायदा बाजूला ठेवला गेला तर त्यात देशाची मान खाली जाण्यासारखं काही नाही. न्यायाधीश एवढंच विचारतो की समोरच्या मुलीला दार उघडं आहे की नाही.

माझा आग्रह इथून पुढे सुरू होतो. आपल्या कायद्याने दार बंद केलंय, हे कुणी ठरवलं? समोरच्या वकिलाने. त्याने कलमाचा पहिला अर्धा भाग वाचून दाखवला आणि दुसरा झाकून ठेवला.

कलम असं आहे. पूर्वी पुरावा कायद्याचं ११२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६ झालं; मजकूर जवळपास तोच. कायदेशीर लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना मूल जन्मलं, तर ते त्या पतीचं औरस मूल असल्याचा तो निर्णायक पुरावा. हा झाला पहिला भाग. दुसरा असा : मूल राहू शकलं असतं त्या काळात पती-पत्नींचा एकमेकांशी संपर्कच नव्हता, हे दाखवता आलं तर मात्र नाही. मूळ कायदा १८७२ चा. तेव्हा रक्ताची तपासणीसुद्धा नव्हती. कुणीही उठून एखाद्या पोराला ‘हे तुझ्या बापाचं नव्हेच’ म्हणावं आणि त्याचं आयुष्य नासवावं, यापासून मुलाला वाचवण्यासाठी हे कलम घातलं गेलं. मुलासाठी उभारलेली ही भिंत आहे. तीच भिंत वापरून मुलीला तिच्या खऱ्या बापापासून तोडायचा प्रयत्न चाललाय, याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या लेकीच्या बाबतीत संपर्क नव्हता हे दाखवणं अवघड नाही. नात मे २०२२ ची, म्हणजे गर्भ राहिला तो २०२१ च्या ऑगस्टच्या आसपास. लेक २०१९ च्या दिवाळीनंतर भारतात नाही आणि जावयांकडे पासपोर्टच नाही. मधली दोन वर्षं तर कोविडची. मार्च २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद होती, ठरावीक देशांशी करार करून मोजकी विमानं सुटत. संपर्क म्हणजे प्रत्यक्ष संबंध आला की नाही असं नव्हे, भेटीची संधी होती की नाही एवढंच न्यायालय बघतं. एक ल्योंमध्ये, एक कळव्यात. संधी कुठली?

समोरचा वकील बहुधा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा निकाल पुढे करेल. केरळमधल्या एका तरुणाचं म्हणणं होतं की त्याचा खरा बाप आईचा नवरा नसून दुसराच माणूस आहे. न्यायालयाने ते नाकारलं आणि संपर्क नव्हता हे आधी सिद्ध केल्याशिवाय तिसऱ्या माणसाला डीएनए चाचणीला ओढता येणार नाही, असं ठरवलं. वरवर पाहिलं तर हा निकाल लेकीच्या विरोधात दिसतो. पण त्या प्रकरणात नवरा-बायको त्या काळात एका छपराखाली राहत होते. सगळा निकाल त्या एका गोष्टीवर उभा आहे, आणि तुमच्याकडे नेमकी तीच नाही.

दुसऱ्या बाजूला २०१४ चा निकाल आहे, महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणातला. डीएनए अहवाल खरा असल्याबद्दल वाद उरला नसेल तर कायद्याच्या गृहीतकापेक्षा विज्ञानाने दाखवलेलं सत्य वरचढ, असं सर्वोच्च न्यायालय तेव्हा म्हणालं. आणि उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारींचा खटला तुम्हाला आठवत असेल, तेव्हा रोज वर्तमानपत्रांत होता. त्यातही मुलाच्या जन्माच्या वेळी आईचं लग्न दुसऱ्याशी झालेलं होतं आणि तिवारींच्या वकिलांनी हेच कलम ११२ पुढे केलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये डीएनए चाचणीचा आदेश दिला, २०१२ मध्ये अहवाल उघडला आणि तिवारी बाप ठरले. म्हणजे भारतीय कायद्यात असा दावा चालतच नाही, हे म्हणणं सपशेल खोटं आहे.

म्हणून लेकीच्या वकिलांनी दोन पायऱ्यांनी जावं. पहिली पायरी : भारताचा कायदा लागू करा, पण पूर्ण लावा, त्याच्याच अपवादाने पतीचं पितृत्व गळून पडतं. दुसरी : एवढं दाखवूनही न्यायाधीशांना वाटलं की भारताचा कायदा मुलीची वाट अडवतो, तर लोकनीतीच्या आधारे तो बाजूला ठेवा आणि फ्रेंच कायदा लावा. दोन्ही मागण्या एकाच अर्जात मांडता येतात.

हा क्रम मी भावनेपोटी सांगत नाही. उद्या ल्योंचा निकाल घेऊन नात भारतात आली, इथे काही वारसा, काही मालमत्ता, काही दाखला असं काम निघालं, तर तो निकाल आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ च्या चाळणीतून जाणार. परदेशी न्यायालयाचा निकाल आपण अंतिम मानतो, पण त्याला सहा अपवाद आहेत. त्यातला एक असा की जिथे भारताचा कायदा लागू होता तिथे तो मानायलाच नकार दिला, हे कागदांवरून दिसत असेल तर तो निकाल इथे बंधनकारक नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशातल्या वैवाहिक निकालांना हे अपवाद फार काटेकोरपणे लावले. आता विचार करा. ‘भारताचा कायदा आम्ही बाजूला ठेवला’ एवढंच लिहिलेला निकाल इथे कुणी पाडायचं ठरवलं तर त्याला बोट ठेवायला जागा मिळते. ‘भारताच्या कायद्यानुसारही संपर्क नव्हता हे सिद्ध झालं’ असं लिहिलेल्या निकालात ती जागा राहत नाही. तुमच्या नातीला दोन्ही देशांत चालेल असा बाप कागदावर हवाय. त्यासाठी हा आटापिटा.

यातलं बरंचसं काम ल्योंमध्ये नाही, ठाण्यात होणार आहे, आणि ते तुम्ही करू शकता. घटस्फोटाच्या दाव्यातला मूळ अर्ज, त्यावरचं उत्तर आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची न्यायालयाची नोंद) यांच्या प्रमाणित प्रती काढायला वकिलांना सांगा. कोण कधीपासून वेगळं राहतंय हे दोघांनीही त्यात लिहिलेलं असतं, आणि फ्रेंच खटल्याच्या कितीतरी आधी लिहिलेलं असल्यामुळे त्याला वजन येतं. लेकीच्या पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती, शिक्के दिसतील अशा, तिने तिथे दाखल कराव्यात. तिकडच्या पगारपत्रकांनी आणि भाडेकरारानेही ती तिथेच होती हे दिसेल. शिवाय भारतीय कायदा काय सांगतो याबद्दल इथल्या अनुभवी वकिलाचं लेखी मत तिथल्या न्यायालयापुढे ठेवता येतं. त्यात वर सांगितलेले तिन्ही निकाल यावेत, आपल्याविरुद्ध जाणारा २०२५ चासुद्धा, कारण तो लपवला तर समोरचा काढणारच. इथल्या कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र, घ्यावं लागेल. भारत आणि फ्रान्स दोघेही त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यामुळे वकिलातीचे वेगळे शिक्के लागत नाहीत. फ्रेंच अनुवाद मात्र तिकडच्या न्यायालयाच्या यादीतल्या अनुवादकाकडूनच करून घ्या. खर्चाची अडचण असेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेकीच्या नावाने अर्ज करा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आता दिरांचा सल्ला. जावयाचं नाव लावून पासपोर्ट काढू, हे अजिबात करू नका. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहेच, पण त्याहून मोठं नुकसान पुढे आहे. फ्रेंच कायद्यात एकाचं पितृत्व नोंदलेलं असेल तर ते रीतसर रद्द केल्याशिवाय दुसऱ्याचं सिद्ध करता येत नाही. आज जन्मदाखल्यावर पतीचं नाव नाही, ही लेकीची भक्कम बाजू आहे. ती आपल्याच हाताने घालवायची? आणि समोरच्या वकिलाला तर असा कागद आयताच हवा असेल. भारतीय पासपोर्टवर एकाच पालकाचं नाव चालतं, हा नियम डिसेंबर २०१६ पासून आहे. तुमच्या नातीची अडचण वेगळी आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करायची असते, ते वर्ष उलटलंय, म्हणून आता केंद्र सरकारची परवानगी लागेल. लेकीने पॅरिसच्या दूतावासात आईच्या एकट्या नावाने उशिराच्या नोंदणीबद्दल लेखी विचारावं. मात्र पितृत्व सिद्ध झालं तर नात बापाकडून फ्रेंच ठरेल आणि भारत दोन पासपोर्ट चालू देत नाही. तेव्हा ओसीआय कार्डाचा, म्हणजे भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, मार्ग घ्यावा लागेल. आणखी एक लक्षात ठेवा : बापाकडून फ्रेंच नागरिकत्व मिळण्यासाठी पितृत्व ती अल्पवयीन असतानाच सिद्ध व्हायला हवं. दावा लावायला कायद्याने बरीच वर्षं दिली आहेत, अठरा पूर्ण झाल्यावर ती स्वतःही दहा वर्षं दावा लावू शकते, पण नागरिकत्वाची खिडकी अठराव्या वर्षी बंद होते.

भाच्याला केसांची गोष्ट इथेच थांबवायला सांगा. फ्रान्समध्ये न्यायालयाच्या आदेशाशिवाय पितृत्वासाठी डीएनए चाचणी करवून घेणं गुन्हा आहे, मागवणाऱ्याला ३,७५० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. इथल्या लॅबचा कागद तिथे पुरावा म्हणून चालणार नाही आणि लेकीलाच गोत्यात आणेल. चाचणी न्यायाधीशाकडे मागायची. तिथे पितृत्वाच्या दाव्यात ठोस कारण नसेल तर न्यायालय ती नाकारत नाही. तो माणूस तयार झाला नाही तर त्याला जबरदस्तीने सुई टोचता येत नाही, पण नकाराचा अर्थ काय लावायचा हे न्यायाधीश ठरवू शकतात.

जावयांबद्दल लिहिताना तुमचा हात अडखळलेला दिसतो. त्यांचं प्रतिज्ञापत्र उपयोगी पडेल, पण ‘मी बाप नाही’ एवढ्या वाक्याला आपल्या कायद्यात किंमत नाही. नवरा-बायकोने आपसात ठरवून मुलाचं औरसपण मोडता येत नाही. त्यांनी लिहायचं ते असं : २०१९ च्या दिवाळीनंतर पत्नीला मी भेटलो नाही, माझ्याकडे पासपोर्ट नाही, मी भारताबाहेर गेलो नाही. मात्र तुम्ही थेट त्यांच्या घरी जाऊ नका. घटस्फोटाचा दावा चालू आहे, नात जन्मल्याची गोष्ट ते तिथे व्यभिचाराचा मुद्दा म्हणून मांडू शकतात. व्यभिचार २०१८ पासून गुन्हा राहिलेला नाही, पण घटस्फोटाचं कारण अजून आहे. लपवून ठेवूनही उपयोग नाही, ल्योंचे कागद कधीतरी ठाण्यात पोचणारच. त्यापेक्षा दोन्ही वकिलांना एकत्र बसू द्या आणि परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा प्रस्ताव ठेवा. त्यातली सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. जावयांनाही नको असलेलं बापपण अंगावर नको आहे. या एका बाबतीत दोन्ही घरांचं हित एकच आहे, आणि वर्षानुवर्षं अडलेला दावा कदाचित यामुळेच सुटेल.

सोसायटीत अजून कुणाला सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, तुम्ही गप्प बसलात ते लाजेने नव्हे, तर लेकीला कुणी बोल लावू नये म्हणून. तुम्हाला नात आहे, ती तिच्या आईजवळ आहे आणि तिचं नाव अमुक आहे, एवढं सांगायला कुठल्याही निकालाची वाट बघावी लागत नाही. बाप कोण, हे विचारण्याचा अधिकार त्या पोरीला आणि न्यायालयाला; जिन्यात भेटणाऱ्यांना तो नाही. महाराष्ट्र सरकारनेसुद्धा १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लावायचं ठरवलंय. तुमच्या नातीला तो नियम लागत नसला तरी काळ कुठे चाललाय ते त्यावरून दिसतं.

राहता राहिला एक मुद्दा, जो तुमच्या पत्रात नाही. लेकीने दाव्यात फक्त ‘बाप ठरवा’ एवढंच मागितलं असेल तर वकिलांना अर्ज वाढवायला सांगा. पितृत्व सिद्ध झालं की ते जन्मापासून धरलं जातं, आणि नातीचा खर्च, तिचं आडनाव, ताबा आणि भेटी यांचा निर्णय तेच न्यायालय त्याच खटल्यात देऊ शकतं. खर्च मे २०२२ पासूनचा मागावा. दवाखान्याची, पाळणाघराची बिलं तिने जपून ठेवली असतीलच. नसतील तर आता मागवून घ्यावीत.